पॉइंट दोन

पाणीपुरवठा कचेरीत तिला सगळे गाळणी म्हणायचे. तोंडावर गाळणीताई, पाठीमागे नुसतीच गाळणी. कचेरीतल्या कॉम्प्युटरचं सगळं काम तिच्याकडे होतं, आणि हे नाव तिला त्याच कामामुळे चिकटलं होतं.

शहरातल्या नळांचं पाणी रोज सकाळी तपासणारे अकरा जण होते. आपापल्या भागातल्या ठरलेल्या नळांवर जायचं, काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे आणि पाणी किती पिवळं होतं ते रंगपट्टीशी ताडून बघायचं. पाणी जितकं पिवळं, तितका त्यात क्लोरीन शिल्लक. पट्टीवरचा आकडा मोबाइलमधल्या फॉर्मच्या चौकटीत भरायचा, की झालं. पण पहिल्या महिन्यात त्या चौकटीत लोकांनी जे काही भरलं होतं ते वाचून तिने कपाळाला हात लावला होता. कोणी शून्याच्या जागी इंग्रजी ओ टाकलेला. कोणी टिंबाच्या जागी स्वल्पविराम. एकाने ‘ठीक’ लिहिलेलं, एकाने ‘कालच्यासारखंच’, आणि एका महाभागाने सलग चार नळांवर ‘जेवून येतो’.

साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं होतं. “हा कचरा आत येतोच कसा? मला त्या चौकटीत फक्त मान्य आकडे हवेत. दुसरं काही टाइप झालं तर तिथल्या तिथे अडवा.” आणि मान्य आकड्यांचा छापील कागदही त्यांनी पुढे सरकवला. पॉइंट दोनपासून एकपर्यंत.

तिने एका दुपारीत रेग्युलर एक्स्प्रेशन लिहिलं. म्हणजे चिन्हांची एक ओळ असते. चौकटीत येणारा मजकूर कसा दिसला पाहिजे हे ती ओळ ठरवते. तिची ओळ सांगत होती : आधी शून्य, मग टिंब, मग दोन ते नऊमधला एकच अंक, नाहीतर एक, टिंब, शून्य. बाकी काहीही आलं की चौकट लाल व्हायची, खाली ‘कृपया योग्य आकडा भरा’ अशी अक्षरं उमटायची आणि पुढे जायचं बटण मिटून जायचं. ‘कृपया’ घालावं की नाही, यावर तिने चांगला अर्धा तास घालवला होता. सगळे नळ भरल्याशिवाय फेरी बंद होत नसे, आणि फेरी बंद झाल्याशिवाय हजेरी लागत नसे. ही हजेरीची कल्पना साहेबांची.

दोन दिवसांत कचरा थांबला. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर शहराचा नकाशा हिरव्या ठिपक्यांनी भरून गेला. वरच्या बैठकीत साहेबांची पाठ थोपटली गेली, आणि साहेबांनी परत आल्यावर तिची. “आमच्या या बाईंनी गाळणी बसवली आहे,” असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागले आणि नाव कायमचं झालं.

या गोष्टीला दोन महिने झाले असतील-नसतील. तिमाही अहवालासाठी ती आकड्यांचे तक्ते काढत बसली होती, आणि खालच्या वस्तीच्या तक्त्यावर तिची नजर अडखळली. त्या भागात सव्वीस नळ. पहिल्या तेवीस नळांचे आकडे पाण्यासारखेच हलते होते : आज पॉइंट पाच, उद्या पॉइंट चार, मग परत पाच. चोवीस, पंचवीस आणि सव्वीस नंबरच्या नळांवर मात्र पॉइंट दोन. काल पॉइंट दोन. परवा पॉइंट दोन. ती मागे मागे जात राहिली. सलग एकेचाळीस दिवस, तिन्ही नळांवर, पॉइंट दोन.

तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पाण्याला एवढी शिस्त असते होय?

त्या भागाचा तपासनीस म्हणजे एक वयस्क गृहस्थ. त्यांना सगळे थेंबकाका म्हणतात एवढंच तिला ठाऊक होतं. हे लोक परस्पर कामावर जायचे, कचेरीत कधी दिसायचे नाहीत. तिने त्यांची जुनी नोंद उघडली. एकेचाळीस दिवसांच्या लगेच आधी काका तीन दिवस गैरहजर होते. त्याआधी वर्षभरात एकही रजा नाही. मग तिने प्रत्येक नळावर फॉर्म किती वेळ उघडा होता तेही पाहिलं. पहिल्या तेवीस नळांवर वीस-पंचवीस सेकंद. शेवटच्या तिन्हींवर चार मिनिटं, पाच मिनिटं, एकदा तर नऊ. एक आकडा भरायला नऊ मिनिटं? खरा आकडा भरायला वेळ लागत नाही, वेळ लागतो तो रचायला, असं तिला वाटलं.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. तो बसमध्ये तिकीट तपासनीस होता, आणि संशय घेणं हा त्याचा पोटापाण्याचा धंदा होता.

“जो माणूस मी मागायच्या आधीच तिकीट पुढे करतो ना,” तो भाजी चिरता चिरता म्हणाला, “त्याचं मी उलटसुलट करून बघतो. तुझे हे काका काठावर पास होतायत. पॉइंट दोन म्हणजे सगळ्यात खालचा मान्य आकडा, हो ना?”

“हो.”

“मग झालं तर. पॉइंट पाच लिहिलं तर कोणीतरी विचारेल, एवढं चांगलं कसं. पॉइंट दोन कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. कुठल्यातरी कट्ट्यावर बसून भरतात ते. जातच नाहीत नळावर.”

“पण मग फॉर्म इतका वेळ का उघडा ठेवतात?”

“चहा पीत असतील.”

दुसऱ्या दिवशी तिने तक्ता साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी तो वरवर पाहिला, मग ड्रॉवर उघडून एक कागद काढला. खालच्या वस्तीतून आलेलं पत्र होतं, सही नसलेलं. ‘पाणी तपासायला येणारा इसम काम झाल्यावर घरोघर जाऊन दारात हळू आवाजात काहीबाही बोलतो. चौकशी व्हावी.’

“बघा,” साहेब म्हणाले. “पाणी मुरतंय ते इथे. एखाद्या फिल्टर विकणाऱ्याशी संधान बांधलेलं असणार याने. लोकांना घाबरवायचं, फिल्टर घ्यायला लावायचं. तुम्ही पुरावा आणा, मी बघतो त्याच्याकडे.”

“मी?”

“या लोकांच्या मुकादमाला पाठवलं तर तो त्याला आधीच सावध करेल. तुम्हाला तिथे कोण ओळखतं?”

ते खरं होतं. आणि खरं सांगायचं तर तिलाही जायचंच होतं. आपण एवढी कडेकोट चौकट बांधायची आणि कोणीतरी तिच्यात बसेल असं खोटं बरोबर मापाने कापून रोज टाकायचं, हा तिला स्वतःचा अपमान वाटत होता.

सोमवारी सकाळी साडेसातला ती खालच्या वस्तीत पोचली. चोवीस नंबरचा नळ एका शिंपिणीच्या दुकानासमोर होता. आडोसा हवा म्हणून तिने घरून नवऱ्याचा एक शर्ट आणला होता, कॉलर उलटून घ्यायला. शिंपीणबाईंनी शर्ट घेतला, कॉलर पाहिली, मग तिच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

“इकडच्या नाही तुम्ही.”

“नाही. पलीकडे असते.”

“कॉलर उलटायला एवढ्या लांब आलात?”

“कोणीतरी सांगितलं, तुमचा हात चांगला आहे.”

“कोणी?”

तिला एकही नाव सुचेना. शिंपीणबाईंनी मशीनचं चाक हाताने थांबवलं. “फिल्टरवाल्या का तुम्ही? असाल तर आधीच सांगते, आम्हाला नको.”

“फिल्टर विकायला येतं का कोणी इथे?” तिने कान टवकारले.

“येत नाही. पण येतील असं काकांनी सांगितलंय. म्हणाले, घाईघाईने काही विकत घेऊ नका.”

हे तिच्या हिशेबात बसेना. ती पुढे काही विचारणार तोच शिंपीणबाई बाहेर बघत म्हणाल्या, “आलेच बघा.”

काका उंच होते, किंचित वाकलेले. खांद्याला जाड कापडाची पिशवी, शर्टाच्या खिशात रंगपट्टी. ते नळापाशी बसले, आधी थोडा वेळ पाणी वाहू दिलं, मग नळी दोनदा विसळून भरली. थेंब मोजून टाकले. ओठ हलताना तिला दिसले. नळी उजेडात धरली. बराच वेळ धरली. मग पाणी फेकून पुन्हा नळी भरली, पुन्हा थेंब, पुन्हा उजेड. म्हणजे नळावर येत नाहीत हे तरी खोटं ठरलं. तिला थोडं निराश झाल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली.

काकांनी मोबाइल काढला. काहीतरी टाइप केलं. थांबले. पुन्हा केलं. मान वर करून गल्लीच्या दोन्ही टोकांना पाहिलं, कोणी बघतंय का ते बघावं तसं. मग एकदा बोट आपटून मोबाइल खिशात टाकला आणि शेजारच्या दाराकडे निघाले.

आता रंगेहाथ सापडले, असं म्हणून ती दुकानाची पायरी उतरली. “काका, थांबा. आत्ता काय भरलंत तुम्ही?”

ते वळले. “तुम्ही कोण?”

“कचेरीतून आले आहे.”

“मुकादमाने पाठवलं?”

“नाही. साहेबांनी.”

काकांनी पिशवी पुढे ओढून छातीशी धरली. “साहेबांनी. बरं. मग साहेबांनाच सांगा, मी काम करतोय. नळ उघडा आहे, नळी इथे आहे.”

“नळी दाखवा मला.”

त्यांनी नळी तिच्या हातात दिली. अजून रिकामी केलेली नव्हती. तिने ती उजेडात धरली. आतलं पाणी पाण्याच्याच रंगाचं होतं. पिवळ्याची पुसटशी छटाही नाही.

“यात तर क्लोरीन नाहीच,” ती म्हणाली.

“नाही.”

“मग पॉइंट दोन का भरलं?”

“घेत नाही म्हणून.”

“कोण घेत नाही?”

“हा.” त्यांनी मोबाइल काढून तिच्यापुढे धरला. “पंचवीस नंबरचा फॉर्म उघडलाय. त्या नळालाही हेच निघतं रोज. तुम्ही भरा खरा आकडा. भरा की.”

तिने शून्य, टिंब, शून्य टाइप केलं. चौकट लाल झाली. शून्य, टिंब, एक. लाल. खाली अक्षरं आली : कृपया योग्य आकडा भरा. बटण मिटलेलं. तिने पुन्हा तेच केलं, जसं काही दुसऱ्यांदा तिच्या हाताची ओळख पटेल. ते ‘कृपया’ तिच्याकडे बघत राहिलं.

मान्य आकडे. पाणी पिण्यालायक आहे असं सांगणारे आकडे मान्य. नाही असं सांगणारा आकडा चौकटीला चुकीचा वाटत होता. माणूस चुकून काही टाइप करतोय की पाणीच चुकलंय, यातला फरक तिच्या त्या ओळीला कळत नव्हता, कारण ती लिहिताना तिला तो सुचलाच नव्हता.

“पहिल्या दिवशी मी चौकट रिकामी ठेवली,” काका सांगत होते. “फेरी बंद झाली नाही, हजेरी लागली नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मुकादमाला गाठलं. तो म्हणतो, फॉर्म घेत नाही म्हणजे तुमचंच काहीतरी चुकतंय, औषध जुनं असेल. नवीन बाटली घेतली. तेच निघालं. परत गेलो, तर म्हणे, सगळ्या शहराचं नीट भरलं जातं, तुमचंच कसं अडतं? चौथ्या दिवशी भरला पॉइंट दोन. घरी बसून चालणार नव्हतं.”

“आणि घरोघर जाऊन काय बोलता?”

काकांनी तिच्याकडे पाहिलं; हा प्रश्न कुठून आला ते त्यांना लगेच कळलं असावं. उत्तर दुकानाच्या पायरीवरून आलं.

“पाणी उकळून प्या म्हणतात,” शिंपीणबाई म्हणाल्या. “महिन्याच्या वर झालं, रोज दोन-चार घरं करतात. दुसरं काय बोलणार? हळू बोलतात कारण मोठ्याने बोलले तर नोकरी जाईल. तुम्ही कॉलरवाल्या नाहीच म्हणजे.”

“सगळ्या घरांत सांगितलंत?” तिने काकांना विचारलं.

“जमेल तितक्या. शाळेमागच्या नव्या इमारतीत नाही जाता आलं. पहारेकऱ्याने दारातूनच हाकललं. परत दिसलास तर वर तक्रार करीन म्हणाला.”

तरीसुद्धा, संशय इतक्या सहज सुटत नाही. तिच्या मनात आलंच, की हे सगळं आत्ता रचलेलं नसेल कशावरून. काकांना ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं असावं. त्यांनी पिशवीतून एक वही काढली. रोजची तारीख, तीन नळ, तीन आकडे. पॉइंट एक, पॉइंट एक, शून्य. शून्य, पॉइंट एक, शून्य. शाई वेगवेगळी, कुठे पाण्याचा डाग.

“माझ्यावर विश्वास ठेवू नका,” ते म्हणाले. “मीही तुमच्यावर ठेवत नाही. पुढचे दोन नळ तुम्हीच तपासा. थेंब मी मोजणार नाही, हातही लावणार नाही. आणि वही देणार नाही, फोटो काढा हवे तर.”

तिने पंचवीस नंबरवर, शाळेच्या भिंतीपाशी, स्वतः नळी विसळली, स्वतः थेंब टाकले. पाणी स्वच्छ, काहीच रंग नाही. सव्वीस नंबरवर, किल्ल्या बनवणाऱ्याच्या टपरीजवळ, अगदी फिकट पिवळं. पॉइंट एक. काका चार पावलं लांब उभे राहून नुसते बघत होते.

“हे ज्याने बनवलंय ना,” ते मोबाइलकडे हात करत म्हणाले, “त्याला एकदा इथे आणून उभं करायचंय मला.”

“मीच बनवलंय,” ती म्हणाली.

काकांनी तिच्या हातातली नळी घेतली, विसळली, पिशवीत ठेवली. मग म्हणाले, “मग आता काय करणार?”

“आज दुपारपर्यंत चौकट बदलते.”

“साहेब करू देतील?”

“का नाही देणार?”

काका हसले नाहीत, पण हसण्याच्या जवळ आले. “बघा,” एवढंच म्हणाले.

कचेरीत परतताना ती वाटेत तोच विचार करत होती. साहेबांनी तेव्हा पाठवलेला निरोप तिने मोबाइलवर शोधून काढला. ‘मर्यादेबाहेरचा आकडा वर जायलाच नको.’ तेव्हा तिने त्याचा अर्थ घेतला होता, की चुकीचं काही भरलं जाऊ नये. आता तेच शब्द तिला दुसऱ्याच तोंडाने बोलत असल्यासारखे वाटले.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. वहीचे फोटो पाहिले. मग खुर्चीत मागे रेलले.

“त्याने ती वही काल रात्री बसून लिहिली नसेल कशावरून?”

“मी स्वतः तपासलं साहेब. दोन नळ.”

“तुम्ही तपासनीस नाही.”

“पाणी पिवळं झालं की नाही, एवढं मला दिसतं.”

“हे बघा, घाई करू नका. दोन महिन्यांचे अहवाल हिरवे गेलेत. आज अचानक तीन लाल ठिपके उमटले तर पहिला प्रश्न तुम्हाला येईल, मला नाही. तुमची चौकट, तुमची चूक. म्हणून म्हणतो, आठवडाभर थांबा. मी आधी गुपचूप मुकादमाकडून पाइप बघून घेतो, दुरुस्ती करतो, मग बदला काय ते.”

बोलणं काळजीचं होतं, पण त्यातली काळजी कोणाची ते कळत नव्हतं. तिची नजर त्यांच्या टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीवर गेली. घरून भरून आणलेली, मोठी. कचेरीतल्या कोपऱ्यातल्या नळाचं पाणी बाकी सगळे पीत. साहेब आधीपासून बाटली आणायचे, की दोन महिन्यांपासून आणायला लागले? तिने खूप आठवून पाहिलं. आठवेना.

“मान्य आकडे म्हणजे काय, ते तुम्हाला तेव्हा ठाऊक होतं का, साहेब?” तिने विचारलं.

“कागदावर लिहिलं होतं की,” साहेब म्हणाले. “तुम्ही वाचला नाहीत?”

ती आपल्या टेबलाशी आली. हा माणूस गाफील होता की पक्का होता, याचा विचार करत बसले तर संध्याकाळ होईल, हे तिला कळत होतं. तिने ती ओळ उघडली. आता ओळ एवढंच पाहणार होती, की जे आलंय तो आकडाच आहे ना : एक अंक, टिंब, पुढे एक किंवा दोन अंक. ओ नको, स्वल्पविराम नको, ‘जेवून येतो’ नको. आकडा चांगला की वाईट हे ठरवणं तिने चौकटीकडून काढून घेतलं. पॉइंट दोनच्या खालचा कुठलाही आकडा आत यायचा, ठिपका लाल व्हायचा आणि तोच निरोप त्याच क्षणी शहराच्या पाइपांची जबाबदारी असलेल्या अभियंताबाईंच्या मोबाइलवर थेट जायचा, मुकादम आणि साहेब यांना वळसा घालून. हे शेवटचं तिने कोणालाही न विचारता केलं. बारा वाजून दहा मिनिटांनी बदल लागू झाला. तिने काकांना फोन लावला.

“आता भरा, काका.”

“आज भरून झालंय.”

“पुन्हा उघडलंय तुमच्यासाठी. खरे आकडे भरा.”

“हे माझ्या अंगावर शेकणार तर नाही ना?”

“शेकलं तर माझ्या अंगावर शेकेल.”

“असं सगळेच म्हणतात,” काका म्हणाले. पण पाच मिनिटांनी भिंतीवरच्या नकाशात खालच्या कोपऱ्यात एक लाल ठिपका उमटला, मग दुसरा, मग तिसरा. खोलीतला टाइपिंगचा आवाज थांबला. आणि तिच्या टेबलावरचा फोन वाजला. अभियंताबाई होत्या.

“हे तीन लाल खरे आहेत की तुमच्या मशीनची गडबड?”

“खरे आहेत. सकाळी मी स्वतः नळावर होते. आणि हे आजचं नाही, बाई. दीड महिन्याचं आहे.”

अभियंताबाईंनी जे काही म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तासाभरात त्या भागाचं पाणी बंद झालं आणि टँकर निघाले.

खोदकामाला तिसऱ्या दिवशी यश आलं. शाळेच्या भिंतीमागे, नव्या इमारतीचा जोड देताना, जुन्या पाइपला चीर गेली होती, आणि तिच्या अंगालगतच सांडपाण्याची नळी होती. नऊ दिवस वस्तीत टँकर येत राहिले. त्या नऊ दिवसांत दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आपलं रजिस्टर अभियंताबाईंना दाखवलं. महिनाभरात जुलाब-उलट्यांचे सतरा जण आले होते. खालच्या वस्तीतले त्यांत चारच. तिथली बहुतेक माणसं पाणी उकळून पीत होती. बाकीचे तेरा शाळेमागच्या नव्या इमारतीतले, जिथे काकांना कोणी आत सोडलं नव्हतं. त्यांतली सहा वर्षांची एक मुलगी चार दिवस सलाइनवर होती. आता ती बरी होती.

साहेबांनी गाळणीला कारणे दाखवा नोटीस दिली : परवानगीशिवाय बदल केल्याबद्दल. जुन्या चौकटीबद्दल नोटिशीत अक्षर नव्हतं. तिने उत्तरात दोन्ही लिहिलं. जुनी ओळ मी लिहिली, ती चुकीची होती, तपासनिसांचं काहीही चुकलं नाही, त्यांच्या तीन दिवसांची हजेरी लावावी. आणि मान्य आकड्यांचा कागद व तो निरोप, दोन्हींच्या प्रती जोडल्या. चौकशी झाली. तिच्या सेवापुस्तकात एक ताकीद लागली. काकांची हजेरी भरून आली. साहेबांची बदली झाली, पण ती आधीच ठरलेली होती असं काही जण म्हणत होते, आणि यामुळेच झाली असं काही जण. मुकादम म्हणायला लागला की मला तर पहिल्या दिवसापासून संशय होता.

काका जबाबावर सही करायला पहिल्यांदा कचेरीत आले तेव्हा तिच्या टेबलाशी थांबले. तिने त्यांना नवी चौकट दाखवली, कुठला आकडा टाकला तर काय होतं ते सगळं करून दाखवलं. त्यांनी लक्ष देऊन पाहिलं.

“आणि उद्या दुसऱ्या कोणी येऊन परत बदललं तर?”

“मला फोन करा.”

“तुम्ही नसलात तर?”

एवढं विचारून काकांनी खिशातून चष्मा काढला आणि जबाब पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतला. तीनदा वाचल्यावर सही केली.

टँकर बंद झाले त्या आठवड्यात ती नव्या इमारतीत गेली. कोणी पाठवलं नव्हतं. पहारेकऱ्याने तिचं ओळखपत्र दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि वहीत सही घेतली. दुसऱ्या मजल्यावर त्या मुलीच्या आईने दार अर्धवट उघडलं. मागे जमिनीवर मुलगी पाय पसरून चित्र रंगवत होती.

आपण कोण, चौकट म्हणजे काय, चूक कुठे झाली, ते तिने दारातच उभं राहून सांगितलं. बाईला त्यातलं किती समजलं कोण जाणे. तिने मध्ये काही विचारलं नाही, आत याही म्हटलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर एकच प्रश्न केला.

“आता पाणी चांगलं आहे का?”

गाळणीच्या तोंडात ‘हो’ आलं होतं. ते तिने गिळलं.

“आज सकाळी सात पन्नासला चांगलं होतं,” ती म्हणाली. “पॉइंट चार. मी आत्ताच बघून आले.”

बाई दार तसंच उघडं ठेवून आत गेली, नळाखालचं पातेलं उचललं आणि गॅसवर चढवलं.